नोंदींचेही लसीकरण हवे

स्मरणिकेसाठी लेख द्या, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा बालदमा, तापातील झटके, पौगंडावस्था असे नेहमीचे विषय डोळ्यांपुढे आले. ते महत्त्वाचेच आहेत; परंतु त्यांवर आपल्यापैकी अनेकांनी याआधी अधिकारवाणीने लिहिले आहे. या वेळी मी निवडलेला विषय पाहून काही व्यवसायबंधू म्हणतील, की हा तर संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाचा विषय झाला. मला तसे वाटत नाही. दवाखान्यातील संगणकावरच्या नोंदींची राखीव प्रत, जिला आपण सारे 'बॅकअप' म्हणतो, ती ठेवणे हा रुग्णसेवेचाच एक भाग आहे. ती कोणाच्या आठवणीवर विसंबून न राहता ठरल्या वेळी आपोआप निघाली पाहिजे, आणि ती खरोखर उघडते की नाही हे आपण स्वतः पाहिले पाहिजे. हे शहाणपण मला उशिरा आले, आणि तेही माझ्या बालरुग्णांना त्याचा त्रास भोगावा लागल्यानंतर.

बीदर शहरातील माझ्या दवाखान्यात २००४ साली संगणक आला. तोपर्यंत जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर नोंदी होत. संगणक आल्यावर कार्डांचे गठ्ठे हळूहळू माळ्यावर गेले आणि मोठ्या उत्साहाने मी प्रत्येक मुलाचे वजन, उंची, डोक्याचा घेर, दिलेल्या लसी, औषधांच्या मात्रा आणि ॲलर्जी यांची टिपणे ठेवू लागलो. बालरोगतज्ज्ञाच्या व्यवसायात एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. आज मुलाचे वजन चौदा किलो आहे, एवढ्याने काही कळत नाही. सहा महिन्यांपूर्वी ते किती होते, हे कळले म्हणजे मूल वाढते आहे की खंगते आहे, हे समजते. वाढीचा आलेख ही आमची खरी दौलत. अशी दहा वर्षांची दौलत मी एका पेटीत ठेवली होती.

मे २०१४ मधली गोष्ट. आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो हे बीदर-कलबुर्गीच्या वाचकांना सांगायला नको. विजेचा लपंडाव चालला होता. एका संध्याकाळी वीज गेली, आली ती मोठ्या दाबाने आली, यूपीएस किंचाळला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू होईना. आतून नुसता टिकटिक आवाज येत होता. हार्ड डिस्क हैदराबादला पाठवली. तीन आठवड्यांनी निरोप आला, की तिच्यातून काही मिळण्यासारखे नाही.

बॅकअप नव्हता का? होता. दर शनिवारी दवाखाना बंद करताना पेन ड्राइव्हवर प्रत काढायची, असे मी कंपाउंडरला सांगून ठेवले होते. पेन ड्राइव्ह लावून पाहिला तर शेवटची प्रत आदल्या वर्षीच्या गणेशोत्सवातली निघाली. त्यानंतर त्याच्या बहिणीचे लग्न ठरले, मग तापाची साथ आली, दवाखाना रात्री दहापर्यंत चालू लागला आणि शनिवारचे काम मागे पडले ते पडलेच. त्याहून वाईट म्हणजे, जी प्रत होती तीही उघडेना. नोंदींचे सॉफ्टवेअर चालू असतानाच तिची फाइल उचलून ठेवली जात होती. ती अर्धवट उतरली होती. वर्षानुवर्षे आम्ही निरुपयोगी प्रती काढत होतो आणि त्या एकदाही उघडून पाहिल्या नव्हत्या. यात त्या मुलाचा दोष नव्हता. जे काम माणसाच्या आठवणीवर सोडायचे नसते, ते मी त्याच्या आठवणीवर सोडले होते, आणि त्याची तपासणीही केली नव्हती. दोष माझाच होता.

पुढच्या काही आठवड्यांत त्याची किंमत दिसू लागली. भालकी तालुक्यातील एका खेड्यातून नेफ्रोटिक सिंड्रोम असलेला सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे येत असे. तो पुन्हा सुजून आला. स्टिरॉइड किती वेळा सुरू केले, किती वेळा थांबवले, सूज पुन्हा कधी आली आणि मुख्य म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड आधी किती आठवडे दिले, हे कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नव्हते. या औषधाची एकूण मात्रा मर्यादेबाहेर गेली, तर मुलाच्या पुढील आयुष्यातील प्रजननक्षमतेला धोका पोहोचतो, हे वैद्यकीय वाचक जाणतातच. माझ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे काहीच नव्हते. मी ओशाळून त्याच्या आईला विचारले, "जुने कागद आहेत का?"

तिने काखेतली प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. माझ्या हातची प्रत्येक चिठ्ठी, लघवी-तपासणीचा प्रत्येक कागद, तारखेप्रमाणे लावून, दोऱ्याने बांधलेला. "सगळी कागदं हाईत बघा साहेब. एकेक झेरॉक्स माहेरी ठेवलीया. आमचं घर पावसात गळतंय."

त्या बाईला अक्षर ओळखता येत नव्हते. तारखा मोठी मुलगी लावून देत असे. तरीही एम.डी. झालेल्या डॉक्टरला जे सुचले नाही, ते तिला सुचले होते. मूळ कागद एक, नक्कल दुसरी, आणि ती नक्कल दुसऱ्या गावी, कारण आपले छप्पर गळते हे तिला ठाऊक होते. आपलेही छप्पर गळते, एवढेच मला ठाऊक नव्हते.

आठवणीवर विसंबू नये

या प्रसंगानंतर मी विचार करू लागलो, तेव्हा लक्षात आले की आपल्याच सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने हा प्रश्न कागदाच्या युगात सोडवला होता. उपकेंद्रातील लसीकरणाचे कार्ड आठवा. आपल्याकडे त्याला 'तायी कार्ड' म्हणतात. कार्ड आईच्या हाती जाते, त्याची स्थळप्रत आरोग्यसेविकेकडे राहते, आणि नोंदवहीत तिसरी नोंद होते. तीन ठिकाणी एकच माहिती. स्थळप्रतींसाठी भिंतीवर कापडी पिशवी टांगलेली असते. तिला बारा महिन्यांचे बारा कप्पे. मुलाची पुढची लस ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या कप्प्यात त्याची स्थळप्रत सरकवायची. महिना उजाडला, की कप्पा रिकामा करून कोण आले, कोण आले नाही हे पाहायचे. सेविकेने शंभर मुलांच्या तारखा डोक्यात ठेवाव्यात, अशी अपेक्षा कोणी करत नाही. सहा, दहा आणि चौदा आठवडे हे वेळापत्रक ठरलेले असते आणि ते पिशवी सांभाळते.

संगणकातही अशी पिशवी असते. विंडोजमध्ये 'टास्क शेड्यूलर' नावाची सोय वर्षानुवर्षे आहे. फाइलींच्या मागील आवृत्त्या ठेवणारी 'फाइल हिस्टरी' २०१२ पासून आहे. फुकट आणि विकतची इतर अनेक साधने आहेत. एकदा वेळ आणि जागा नेमून दिली, की पुढे कोणाच्या बहिणीचे लग्न असो वा साथ असो, काम होत राहते. मात्र वेळ नेमताना आपल्या दवाखान्याची रीत पाहावी. पुस्तकात सांगतात, की रात्री दोन वाजता बॅकअप घ्यावा. आपल्याकडे रात्री जाताना मेन स्विच बंद करण्याची पद्धत आहे. रात्री दोनचा बॅकअप मग कधीच निघत नाही. मी दुपारी अडीचची वेळ नेमली. तेव्हा दवाखाना बंद असतो, पण संगणक चालू असतो. त्यातही 'ठरलेली वेळ हुकली, तर संगणक सुरू होताच काम करावे' असा पर्याय असतो. त्यावर आठवणीने खूण करावी. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावांत ही एक खूण मोलाची आहे.

दुसरी काळजी माझ्या जुन्या चुकीतून आलेली. नोंदींचे सॉफ्टवेअर चालू असताना तिची फाइल थेट उचलू नये. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची प्रत काढण्याची सोय असते. आधी तिच्याकडून प्रत तयार करून घ्यावी आणि ती तयार प्रत दुसरीकडे पाठवावी. आपले सॉफ्टवेअर हे कसे करते, हे विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. 'सर, ते सगळं आपोआप होतं' हे उत्तर नव्हे.

तिसरी गोष्ट, कालच्या प्रतीवर आजची प्रत चढवू नये. चूक लगेच ध्यानात येत नाही. एखाद्या मुलाची नोंद आज चुकून पुसली गेली आणि ते तीन आठवड्यांनी कळले, तर एव्हाना सगळ्या प्रतींतून ती नाहीशी झालेली असते. यासाठी संगणकवाल्यांची एक घरगुती नावाची पद्धत आहे : आजोबा, वडील, मुलगा. रोजच्या प्रती आठवडाभर ठेवायच्या, आठवड्याच्या प्रती महिनाभर, आणि महिन्याच्या प्रती वर्षभर. मुलगा बिघडला तर वडिलांकडे जावे, वडीलही बिघडले तर आजोबांकडे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

एक इमारत आणि अनेक घरे

प्रत निघाली, पण ती ठेवायची कोठे? बीदर जिल्ह्यात राहणाऱ्याला याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. महमूद गवान या बहमनी वजिराने १४७२ साली आपल्या शहरात मदरसा उभारला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती, असे इतिहासकार सांगतात. पुढे मोगल अमलात, सतराव्या शतकाच्या अखेरीस, तेथे ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. एक मिनार आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा कोसळला. आज आपण पाहुण्यांना निळ्या-पिवळ्या फरशांचे अवशेष दाखवतो. हस्तलिखिते दाखवायला तेथे नाहीत.

त्याच जिल्ह्यात बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात कल्याणात मोठी उलथापालथ झाली आणि बसवेश्वरांचे अनुयायी शरण दाही दिशांना पांगले. वचने मात्र उरली. ती कोणत्याही एका भव्य वास्तूत नव्हती. ताडपत्रांवर उतरून घराघरांत आणि मठामठांत विसावली होती. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी विसाव्या शतकात घरोघर फिरून ती ताडपत्रे गोळा केली आणि १९२३ साली 'वचन शास्त्र सार' छापून प्रसिद्ध केले. एका ठिकाणची संपत्ती गेली, अनेक ठिकाणी विखुरलेली टिकली. राखीव प्रतीचे सारे शास्त्र या दोन गोष्टींत आहे.

संगणकवाले हेच 'तीन–दोन–एक' या सूत्रात सांगतात. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने ते रूढ केले. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी प्रत वेगळ्या जागी असावी. त्याच संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. एकच आग, एकच चोरी, विजेचा एकच धक्का दोहोंना नेतो. इंटरनेटवरील साठवणीत फाइल आपोआप जात असेल, तरी निर्धास्त राहू नये. तेथील जोडणी बहुधा आरशासारखी असते. इकडे पुसले, की तिकडेही पुसले जाते. जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवसच राहतात.

आणि आता चोर घरात शिरतो तो कुलूप न फोडता. खंडणीखोर सॉफ्टवेअर, म्हणजे रॅन्समवेअर, नोंदी चोरून नेण्यापुरते थांबत नाही. ते त्यांना स्वतःचे कुलूप लावते आणि किल्लीसाठी पैसे मागते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांची कामे अडवली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये हाच प्रसंग आला. देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात सुमारे दोन आठवडे बाह्यरुग्ण, दाखला आणि प्रयोगशाळा यांची कामे हाताने, कागदावर करावी लागली. पाच सर्व्हरांवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्याच वेळी दिलेली दुसरी माहिती आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची : ई-हॉस्पिटलच्या नोंदी एका राखीव सर्व्हरवरून परत मिळाल्या, कारण त्या सर्व्हरपर्यंत संसर्ग पोहोचला नव्हता. एम्स वाचले ते अशा प्रतीमुळे. संगणकाला सदैव जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही मूळ नोंदींबरोबर कुलूपबंद होते. म्हणून निदान एक डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. विलगीकरणाचे महत्त्व आपण डॉक्टरांना कोणी सांगावे?

बाटली हलवून पाहा

शीतसाखळीचा अनुभव असलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत आहे. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. त्रिगुणी लस चुकून गोठली, तर ती पुन्हा वितळल्यावर बाटली पूर्वीसारखीच दिसते. झाकण नीट, चिठ्ठी नीट, मुदतही उरलेली. पण तिच्यातली शक्ती गेलेली असते. म्हणून संशय आला की बाटली हलवून पाहायची रीत आहे. गोठलेल्या लशीतला गाळ लवकर तळाशी बसतो. माझा पेन ड्राइव्ह अशी गोठलेली बाटली होता.

हे केवळ लहान दवाखान्यांत घडते, असे नाही. 'टॉय स्टोरी २' हा मुलांचा लाडका चित्रपट तयार होत असताना, १९९८ साली, पिक्सार कंपनीत एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. राखीव प्रती काढणारी यंत्रणा होती, पण ती नीट चालत नसल्याचे त्या दिवशी कळले. गॅलिन सुसमन ही तेथील एक अधिकारी बाई नुकतीच बाळंत झाली होती. बाळाजवळ राहून घरून काम करता यावे म्हणून तिच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तिने चित्रपट वाचवला. तान्ह्या बाळामुळे एक चित्रपट वाचला, ही गोष्ट बालरोगतज्ज्ञाला आवडणारच. तथापि प्रत्येक दवाखान्याचे नशीब इतके बलवत्तर नसते.

यासाठी माझा नियम साधा आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक प्रत घ्यायची, ती दुसऱ्या संगणकावर उतरवायची आणि तिच्यातून कोणत्याही तीन मुलांच्या नोंदी उघडून मूळ नोंदींशी ताडून पाहायच्या. वीस मिनिटे लागतात. प्रत निघाल्याचा हिरवा संदेश हा पुरावा नव्हे. नोंद परत वाचता आली, हाच पुरावा.

काही आक्षेप

एक आक्षेप असा, की तीन वर्षांच्या नोंदी पुरेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांत द्याव्या लागतात, हे खरे. पण १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीच्या दाव्याची मुदत ती सज्ञान झाल्यावर मोजली जाऊ लागते. आमचे सारे रुग्ण अज्ञानच. कायदा बाजूला ठेवला, तरी नवजात अवस्थेत झटके आलेल्या मुलाची नोंद त्याच्या दहावीच्या वर्षीही लागू शकते.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा, आणि तो रास्त आहे. नोंदी जितक्या ठिकाणी, तितक्या हाती लागण्याच्या शक्यता. म्हणून दवाखान्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीला सांकेतिक कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, असलेच पाहिजे, आणि परवलीचा शब्द दोन विश्वासू व्यक्तींकडे बंद पाकिटात असला पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी आता आपल्यावर टाकली आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. दहा वर्षांच्या लेखी नोंदी इतक्या लहान असतात, की चांगल्या स्टेथोस्कोपहून कमी किमतीच्या डिस्कवर त्या अनेक वेळा मावतात. खर्चाचा प्रश्न फार मोठा नाही. आळस हा प्रश्न आहे, आणि 'आपल्याला काही होत नाही' ही समजूत. लस न देणाऱ्या पालकांच्या तोंडी हेच वाक्य असते, आणि आपण त्यांना रागावतो.

एक सूचना

आपल्या संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. बीदर आणि कलबुर्गी यांत शंभराहून थोडे अधिक किलोमीटर अंतर आहे. २०१७ पासून रेल्वेही धावते. आपण सभा-परिसंवादांच्या निमित्ताने जातो-येतोच. दोन्ही शहरांतील सभासदांनी जोड्या जमवाव्यात आणि कुलूपबंद, मोहोरबंद डिस्क एकमेकांच्या कपाटात ठेवाव्यात. दर तिमाहीस जुनी द्यावी, नवी घ्यावी. औराद, बसवकल्याण, आळंद येथील एकट्याने व्यवसाय करणाऱ्या बंधूंना तरुण सभासदांनी एकदा जाऊन वेळापत्रक लावून द्यावे. आणि ३१ मार्चला, जो दिवस २०११ पासून जगभर बॅकअप दिन म्हणूनही पाळला जातो, हिशेब पुरे करता करता प्रत्येकाने एक नोंद परत उतरवून पाहावी.

शेवटी त्या मुलाविषयी. त्याला आता अठरा पूर्ण झाली. आजार मागे पडून काही वर्षे लोटली. पुढच्या डॉक्टरांसाठी त्याचा सगळा इतिहास हवा होता. २०१४ साली आईच्या पिशवीतून आम्ही तो पुन्हा संगणकात भरला होता, आणि तेव्हापासूनच्या नोंदी शाबूत होत्या. दोन मिनिटांत मी तो छापून दिला. आईने कागद घेतले, घडी घातली आणि पिशवीत ठेवले.

मी हसून म्हणालो, "आता पिशवी कशाला? सगळं संगणकात आहे की."

ती म्हणाली, "असू द्या साहेब. तुमचं यंत्र परत बिघडलं तर?"

मी तिला उत्तर दिले नाही. तिची पिशवी हीच आमची चौथी प्रत आहे.